चाकरमान्याच्या छातीतली धूळ

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडलाही त्यानं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीत धड छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. पाऊस तोंडावर आलेला, पत्र्यांसाठी दुकानापुढे रांगा. पुढचा महिनाभर गावात दोनच आवाज होते, झाडं कापणाऱ्या करवतीचा आणि सिमेंटचे पत्रे कापणाऱ्या कटर मशीनचा. पत्रा खळ्यात आडवा टाकायचा, पायानं दाबून धरायचा आणि कटर फिरवायचा. पांढरट धुरळा उडायचा, कापणाऱ्या पोराच्या भुवया पिठाच्या गिरणीतल्यासारख्या व्हायच्या. "तोंडाला काहीतरी बांध रे" म्हटलं की हसून उत्तर यायचं, "सिमेंटचीच तर धूळ आहे, धुतली की गेली."

ती धूळ नुसती सिमेंटची नव्हती. म्हणूनच हा लेख लिहायला बसलो.

आपण ज्याला सरसकट सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्या जुन्या पद्धतीच्या पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज असतं आणि बाकीचं सिमेंट. कोकणात हे पत्रे इतके का पसरले ते आपल्याला कुणी सांगायला नको. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारायला माणसं मिळेनाशी झाली, माकडांनी कौलं ठेवली नाहीत आणि लोखंडी पत्रा घालावा तर खाऱ्या वाऱ्यानं तो काही वर्षांत गंजून चाळण. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, जळत नाही, माकडांच्या उड्यांनाही बऱ्यापैकी पुरून उरतो. पडवी, गोठा, शाळेची शेड, मच्छीची शेड सगळीकडे तोच.

पण छपरापेक्षा मला जास्त सांगायचंय ते माणसांबद्दल. ॲस्बेस्टॉसनं सगळ्यात जास्त मारलं ते त्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना नाही, तर ते हाताळणाऱ्या कामगारांना. आणि मुंबईतल्या त्या कामगारांत कोकणातली माणसं भरपूर होती. मुलुंड-घाटकोपरच्या बाजूचे कारखाने, गोदीतली बोटींची दुरुस्ती, गिरण्यांची बॉयलर खाती, दारूखान्यात जुन्या बोटी तोडायचं काम, गाड्यांचे ब्रेक लायनर बदलायची वर्कशॉपं. माणूस तिथे नोकरी करतो, गणपती-शिमग्याला गावी येतो, निवृत्त झाला की कायमचा परततो. आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा आजार तो परतल्यावर वर येतो.

आमच्या वाडीतले एक काका १९७० साली मुंबईतल्या एका कारखान्यात लागले. काम काय, तर गोणी फोडून आतला कच्चा माल मिक्सरमध्ये ओतायचा. तो माल हातात घेतला तर रेशमासारखा मऊ लागायचा असं ते सांगायचे. रिकाम्या गोणी चांगल्या मजबूत, म्हणून सुट्टीला येताना पाच-सहा घेऊन यायचे. आम्ही त्यात भात भरलाय, त्यांवर झोपलोयसुद्धा. १९९६ ला नोकरी सुटली, काका गावी आले, शेती करू लागले. २०१३ ला त्यांच्या छातीत पाणी झालं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण बहुतेक वेळा तो टीबीच असतो. सहा महिन्यांचा कोर्स झाला. पाणी काढलं की परत भरायचं. शेवटी मुंबईला नेऊन तुकडा तपासला तेव्हा मेसोथेलिओमा हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला, एका कॅन्सरचं नाव. अकरा महिन्यांत काका गेले.

त्यांचा पहिला केसपेपर मी नंतर पाहिला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: शेती.

आता हे ॲस्बेस्टॉस म्हणजे नक्की काय ते बघू. तो दगडच आहे, खाणीतून निघणारा, पण पिंजता येणारा दगड. नारळाचं सोडण ठेचलं की काथ्या निघतो, काथ्याचा एक धागा घेऊन चिरला की आणखी बारीक धागे निघतात. ॲस्बेस्टॉसचं तसंच, फक्त ते चिरणं थांबतच नाही. आपला केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा सुटा तंतू याच्या हजारपट बारीक असू शकतो. डोळ्यांना दिसतो तो धुरळा म्हणजे मोठे तुकडे, ते नाकात आणि घशात अडकतात. जे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातं ते दिसतच नाही. खळ्यात धुरळा बसला, आता काही नाही, असं आपल्याला वाटतं तेव्हा सगळ्यात वाईट तंतू अजून हवेत तरंगत असतात.

याचे सहा प्रकार मानले जातात. धंद्यात मुख्यतः तीन चालले: पांढरा म्हणजे क्रिसोटाइल, निळा म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट. पांढऱ्याचे तंतू कुरळे असतात आणि शरीरात तुलनेनं लवकर विरघळतात. निळा-तपकिरी सरळ, सुईसारखे, वर्षानुवर्षं तसेच राहणारे. म्हणून मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा पांढऱ्यापेक्षा कित्येक पटींनी घातक आहे, हे खरं. हाच धागा पकडून "पांढरा सुरक्षित" असा प्रचार अनेक वर्षं चालला, आणि भारतात येतो तो पांढराच. पण दोन विंचवांत एक कमी विषारी असला म्हणून तो काही झुरळ होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सगळेच प्रकार माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेत, पांढऱ्यासकट.

तंतू आत गेल्यावर काय होतं? फुप्फुसात पहारेकरी पेशी असतात, आलेला कचरा गिळून पचवणाऱ्या. त्या तंतू गिळायला जातात, पण तंतू त्यांच्यापेक्षा लांब. मांजरानं अख्खी वाम गिळायला जावी तशी गत होते. अर्धा आत, अर्धा बाहेर. पेशी चिडते, दाह करणारी रसायनं सोडते, शेवटी मरते, आणि तंतू तिथेच राहतो. मग दुसरी पेशी येते, तीही तशीच. हे वीस-तीस वर्षं चालू राहिलं की त्या सततच्या दाहातून दोन गोष्टी घडतात. एक, फुप्फुसात जखमेच्या व्रणासारखं घट्ट जाळं तयार होतं. त्याला ॲस्बेस्टोसिस म्हणतात, यात श्वास पुरत नाही, घाटी चढताना माणूस तीनदा बसतो. दुसरी, आसपासच्या पेशींच्या गुणसूत्रांचं नुकसान साचत जातं आणि त्यातली एखादी पेशी बेलगाम वाढू लागते. तो कॅन्सर.

कॅन्सरही एक नाही. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, जो विडी-सिगारेटनंही होतो. स्वरयंत्राचा आहे, बायकांमध्ये अंडाशयाचा आहे. आणि मेसोथेलिओमा आहे. हा फुप्फुसाचा नव्हे, तर फुप्फुसावर किंवा पोटातल्या अवयवांवर जे पातळ अस्तर असतं त्याचा कॅन्सर. सर्वसाधारण लोकसंख्येत तो अतिशय दुर्मीळ, दहा लाखांत वर्षाला एखाद-दोन असा. म्हणून डॉक्टरांच्या दृष्टीनं तो जवळजवळ ॲस्बेस्टॉसच्या सहीसारखा आहे. दक्षिण आफ्रिकेत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले ३३ रुग्ण वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली जगापुढे मांडले, तेव्हा हा संबंध पक्का व्हायला लागला. त्यातले सगळे काही खाणकामगार नव्हते. काही नुसते त्या भागात वाढलेले होते.

आता प्रश्न असा, की एखाद्या कामगाराला कॅन्सर झाला तर तो ॲस्बेस्टॉसनंच झाला हे कसं कळणार? मेसोथेलिओमाचं ठीक, पण फुप्फुसाचा कॅन्सर तर कुणालाही होतो. इथे आंब्याचा हिशेब लावू. हापूसमध्ये साका असतो. वरून फळ तुकतुकीत, कापलं की आत पांढरट, आंबट. समजा, तालुक्यातल्या सगळ्या बागांत शंभर फळांमागे सरासरी पाच फळांत साका निघतो. एका बागेतली शंभर फळं कापली, तर पंचवीस निघाली. आता त्या पंचवीसमधलं नेमकं कुठलं फळ त्या बागेच्या दोषामुळे बिघडलं आणि कुठलं एरवीही बिघडलंच असतं, हे कुणी सांगू शकणार नाही. पण वीस फळं जास्तीची आहेत, आणि बागेत काहीतरी गडबड आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास असाच असतो. त्याच वयाच्या, त्याच काळातल्या सर्वसाधारण लोकांत जितके मृत्यू झाले असते ते "अपेक्षित", आणि प्रत्यक्षात झाले ते "घडलेले". दोन्हींचा भागाकार करायचा.

हा हिशेब इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल यांनी केला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे तेच डॉल. त्यांनी एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातले, धुळीच्या खात्यांत वीस वर्षं किंवा जास्त काढलेले ११३ पुरुष घेतले. फुप्फुसाच्या कॅन्सरनं त्यांच्यात अपेक्षित मृत्यू होते ०.८, म्हणजे धड एकसुद्धा नाही. घडले ११. हे १९५५ साली छापून आलं, आणि छापू नये म्हणून त्यांच्यावर दडपणही आलं होतं. धुळीनं फुप्फुस आखडतं हे तर त्याही आधी माहीत होतं. १९३० च्या ब्रिटिश सरकारी अहवालात तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांच्या फुप्फुसांत तंतूंमुळे झालेले व्रण सापडले होते. त्याच्यावरून १९३१ ला तिथे कायदा झाला. म्हणजे आमचे काका गोणी फोडायला उभे राहिले तेव्हा त्या गोणीत काय आहे हे जगाला ठाऊक होऊन चाळीस वर्षं झाली होती.

सगळ्यात मोठा हिशेब अमेरिकेतला. तिथे पाइप आणि बॉयलर यांच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवणाऱ्या कामगारांची युनियन होती. आपल्याकडे गोदीत त्याला लॅगिंग म्हणतात. युनियनकडे सभासदांची नीट यादी होती, आणि अभ्यासाच्या दृष्टीनं यादी म्हणजे सोनं. डॉ. सेलिकॉफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातले १७,८०० कामगार १९६७ पासून १९७६ च्या अखेरपर्यंत, दहा वर्षं, एकेक करून माग ठेवून पाहिले. त्या काळात २,२७१ जण वारले. अपेक्षित होते साधारण १,६५९. फुप्फुसाच्या कॅन्सरनं सुमारे १०६ जायला हवे होते, गेले ४८६. मेसोथेलिओमानं १७५ गेले, म्हणजे मेलेल्या दर तेरा माणसांमागे एक, अशा आजारानं जो एरवी लाखातसुद्धा दिसत नाही.

पण मला त्या अभ्यासातला दुसराच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी प्रत्येक मृत्यू दोनदा मोजला. एकदा मृत्यूच्या दाखल्यावर जे कारण लिहिलंय त्याप्रमाणे, आणि एकदा हॉस्पिटलची कागदपत्रं, क्ष-किरण, शवविच्छेदन, तुकड्याची तपासणी असं सगळं जमवून. दाखल्यांवर मेसोथेलिओमा होता ४९ जणांच्या. खरे निघाले १७५. ॲस्बेस्टोसिस दाखल्यांवर ७८, खरा १६८. उलट स्वादुपिंडाचा कॅन्सर दाखल्यांवर ४९ जणांना होता, तपासल्यावर उरले २३. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, आणि पोटातला मेसोथेलिओमा स्वादुपिंडाच्या नावावर जमा होणं ही त्यातली ठरलेली चूक. लक्षात घ्या, हे अमेरिकेत, युनियनचे सभासद, विमा असलेली माणसं, आणि तरी चारातल्या जवळजवळ तीन मेसोथेलिओमांचा पत्ता दाखल्यावर नव्हता. आपल्या देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचातल्या एकाच मृत्यूचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं असतं. बाकी सगळं "म्हातारपण", "दमा", "छातीत पाणी". मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची नोंदवही आहे, देशातली सगळ्यात जुनी, पण अशी नोंदवही माणूस राहतो कुठे ते धरून चालते. पंचवीस वर्षं मुलुंडला गोणी फोडून दापोलीत आजारी पडलेला माणूस मुलुंडच्या आकड्यात बसत नाही, आणि दापोलीतल्या कागदावर तो शेतकरी असतो.

"आमच्याकडे ॲस्बेस्टॉसचे रुग्णच दिसत नाहीत, मग बंदी कशाला" हे वाक्य तुम्ही कधी ऐकलंत, तर हा हिशेब आठवा.

आणखी एक गंमत (गंमत म्हणायचं आपलं). नोकरीला लागणारा माणूस सहसा धडधाकट असतो. आजारी माणसाला कारखान्यात घेतच नाहीत. त्यामुळे कुठल्याही कारखान्यातले कामगार गावातल्या सरासरी माणसापेक्षा थोडे कमीच मरायला हवेत. ज्या कारखान्यात ते बरोबरीनं मरतात, तिथेही काहीतरी बिघडलेलं असू शकतं. आकडा "सर्वसाधारण" आला म्हणजे सगळं आलबेल, असं नाही.

आता विडी. याचं गणित नीट समजून घ्या, कारण इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. त्याच लॅगिंग कामगारांच्या अभ्यासातून १९७९ साली आलेले आकडे, एक लाख माणसांमागे वर्षाला फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू: ना धूम्रपान ना ॲस्बेस्टॉस, ११. ॲस्बेस्टॉसचं काम पण धूम्रपान नाही, ५८. धूम्रपान आहे, ॲस्बेस्टॉस नाही, १२३. दोन्ही आहे, ६०२. पाचपट आणि अकरापट मिळून सोळापट नाही, पन्नासपटीच्या वर. या एका गोष्टीत मात्र आज, आत्ता काहीतरी करता येतं. छातीत गेलेला तंतू बाहेर काढणारं औषध नाही, पण विडी सोडली की फुप्फुसाच्या कॅन्सरची जोखीम हळूहळू उतरते, जुन्या ॲस्बेस्टॉस कामगारांचीसुद्धा. मेसोथेलिओमाला मात्र विडीशी काही देणंघेणं नाही. आयुष्यात एकही न ओढलेल्यालाही तो होतो. आमच्या काकांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं.

कामगारानं किती धूळ खाल्ली हे मोजायचं एक माप आहे, त्याला फायबर-वर्षं म्हणू. हवेच्या एका मिलिलिटरमध्ये एक तंतू, अशा हवेत एक वर्ष काम केलं, तर एक फायबर-वर्ष. अशी पंचवीस झाली की फुप्फुसाच्या कॅन्सरची जोखीम साधारण दुप्पट होते, असा अंदाज १९९७ साली हेलसिंकीत जमलेल्या तज्ज्ञांनी धरला आणि तो आजही भरपाईच्या कामात वापरतात. मिलिलिटरमध्ये एक तंतू हे ऐकायला कसं नगण्य वाटतं. पण अंगमेहनतीच्या एका पाळीत माणूस साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. त्याचे होतात एक कोटी मिलिलिटर. म्हणजे एका पाळीत एक कोटी तंतू. सगळे आत राहत नाहीत, बरेचसे बाहेरही येतात. पण अशा पाळ्या वर्षाला तीनशे.

पंचवीस हा काही उंबरठा नाही, त्याच्या अलीकडे सगळं सुरक्षित असं समजू नका. मेसोथेलिओमा त्याहून कितीतरी कमी धुळीनंही झालेला आहे. लंडनच्या एका हॉस्पिटलातले ७६ रुग्ण १९६५ साली तपासले गेले, त्यात ९ जणांनी कारखान्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांच्या घरातलं कुणीतरी तिथे कामाला होतं, एवढंच. त्यातल्या बहुतेक बायका होत्या, नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या. मुंबईतल्या गाववाल्यांच्या खोल्या आठवतात ना? एका खोलीत दहा-बारा माणसं, दोन पाळ्या, भिंतीला एकच दोरी आणि तिच्यावर सगळ्यांचे कपडे. मी काकांच्या खोलीत लहानपणी एक मे महिना काढलाय. तो हिशेब मी फार ताणत नाही.

आणि मग वर्षं. ॲस्बेस्टॉसशी पहिला संबंध आल्यापासून मेसोथेलिओमा दिसेपर्यंत सहसा तीस-चाळीस वर्षं जातात, कधी पन्नास. ब्रिटननं निळ्या-तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ साली आणि पांढऱ्यावर १९९९ साली बंदी घातली. तरी बंदीनंतर वीस वर्षांनीही तिथे दरवर्षी दोन हजारांवर माणसं मेसोथेलिओमानं मरत होती. त्यांनी तंतू घेतले होते १९६०-७० च्या दशकांत. आपण १९८६ पासून नव्या खाणींना परवाने देणं थांबवलं, पण परदेशातून आणणं थांबवलं नाही. रशिया, कझाकस्तान, ब्राझील इथून दरवर्षी लाखो टन पांढरं ॲस्बेस्टॉस येतं आणि त्यातलं बहुतेक पत्र्यांत जातं. आज जे आत जातंय त्याचा हिशेब २०५० नंतर निघेल.

कायदा काहीच म्हणत नाही असं नाही. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या एका प्रकरणात निकाल दिला, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलंय. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद मालकानं नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायची. न्यायाधीशांना त्या तीस-चाळीस वर्षांची कल्पना होती, हे उघड आहे. तरीही काकांचा हिशेब लावून पाहिला. १९७० अधिक ४० म्हणजे २०१०, १९९६ अधिक १५ म्हणजे २०११. काकांच्या छातीत पाणी झालं २०१३ ला. कारखाना तोवर राहिलेलाही नव्हता, त्या जागी टॉवर आहेत.

बरं, घरावर पत्रा आहे त्यांनी काय करायचं? घाबरून तो आजच्या आज उतरवायचा नाही. शाबूत पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात, त्याखाली झोपणाऱ्याची जोखीम गोणी फोडणाऱ्याच्या तुलनेत फारच कमी. धोका कापताना, भोकं पाडताना, फोडताना, शेवाळ काढायला तारेच्या ब्रशनं खरवडताना. कटर मशीन हा सगळ्यात वाईट प्रकार. कापावंच लागलं तर पत्रा भरपूर भिजवून, हातकरवतीनं, उघड्यावर आणि पोराबाळांपासून लांब. रुमाल किंवा उपरणं बांधून तंतू अडत नाही, कापडाच्या विणीतून तो सहज जातो. साधा हिरवा-निळा मास्कही तसाच. या कामाला पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. धुरळा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायचा आणि फडकं टाकून द्यायचं. कपडे घरात आणून झटकायचे नाहीत. गॅरेजवाल्यांनी ब्रेकच्या ड्रमला हवा मारून साफ करायची सवय सोडावी, जुन्या लायनरच्या धुळीत हेच असू शकतं.

वादळात फुटलेल्या पत्र्यांचे ढीग आमच्याकडे अजून गोठ्यांच्या मागे पडलेत. काहींनी ते ठेचून पाखाडीच्या खड्ड्यांत भर म्हणून टाकले, वरून टेम्पो जातात, पाऊस गेला की धूळ उडते. हे तरी करू नका. तुकडे न फोडता, भिजवून, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून विहिरीपासून लांब खोल पुरलेले बरे. नवीन पत्रा घेताना दुकानदाराला "बिनॲस्बेस्टॉसचा आहे का" एवढं विचारा. तसे सिमेंटचे पत्रेही बनतात.

आणि ज्यांच्या घरात असं काम केलेला माणूस आहे, त्यांनी डॉक्टरपुढे बसल्यावर आपणहून सांगायचं. आता काय करतो ते नव्हे, तर तेव्हा काय करत होता, कुठल्या खात्यात, किती वर्षं. छातीत पाणी परत परत भरत असेल, टीबीच्या औषधानं फरक पडत नसेल, तर हे एक वाक्य तपासाची दिशा बदलू शकतं. ॲस्बेस्टोसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारे फुप्फुसाचा कॅन्सर व मेसोथेलिओमा हे भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. पण भरपाई मागायची तर तो माणूस तिथे कामाला होता हे दाखवावं लागतं. पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, हजेरीपत्रक, पगाराची पावती, युनियनची वर्गणी भरल्याचा कागद, काहीही चालतं.

काका गेल्यावर काकींनी त्यांची ट्रंक माझ्यापुढे आणून ठेवली होती. वर धोतरं, खाली भजनाच्या वह्या, एक बंद पडलेलं घड्याळ. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ईएसआयचं पिवळं पडलेलं कार्ड, विमा क्रमांक अजून वाचता येत होता. कारखान्याचा शिक्का अर्धा पुसला होता. त्याच पिशवीत गोण बांधायच्या सुतळीचा एक तुकडा गुंडाळून ठेवलेला. तो मी ओल्या कागदात घालून बाहेर नेला, आणि कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून घेतल्या.